बारा फुटांचा रस्ता

“डबा तिथंच ठेवा, नाना. आधी तोंड बांधा, मग आत या.”

नाना नाळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चौकटीच्या खिळ्याला टांगलेल्या पाटीकडे पाहिलं. ‘तोंड बांधल्याशिवाय दळण नाही’ असं खडूनं त्यावर मीच लिहिलं होतं, चांगलं ठळक. नाना तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. पाट्या प्रवाशांनी वाचायच्या असतात, आपण नव्हे, अशी त्यांची समजूत.

“ही पाटी बाकीच्यांसाठी असंल, वहिनी.”

“सगळ्यांसाठी आहे.”

“मला काय झालंय? सकाळी सूर्यनमस्कार घालून आलोय.”

“किती?” रांगेतून टेलरनं विचारलं.

“दोन.”

“दोनच?”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन म्हणजे बाराच्या बरोबर. तू घालून दाखव.”

रांग हसली. रांग म्हणजे गिरणीच्या दारापासून रस्त्याच्या कडेनं मी चुन्यानं काढलेले सात गोल. प्रत्येक गोलात एकेक डबा ठेवलेला होता आणि माणसं पलीकडे सावलीत खांद्याला खांदा लावून उभी होती. अंतर पाळत होते ते डबे.

सन वीसमधली ही गोष्ट. अधिक महिना निम्मा सरला होता. फलटणमध्ये रोज कुणी ना कुणी गेल्याचं कानावर यायचं, आणि तरी माझ्या दारातल्या माणसांची तोंडं पाहिली तर वाटावं, आजार दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यात आहे. टेलर स्वतः मास्क शिवून विकत होता आणि त्याचा स्वतःचा हनुवटीवर असायचा. गवळ्याची सून मास्क लावून यायची, पण बोलायचं झालं की काढायची आणि बोलायचं तिला सारखंच असायचं. मथुराबाई कुंभार, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, पदराचं टोक दातांत धरून उभी राहायची. म्हणायची, “देवीच्या मनात असंल ते फडक्यानं थांबणार हाय व्हय?”

“मग पदर तरी कशाला धरतेस?”

“तू दळण देत न्हाईस म्हणून.”

मी मात्र फडकं बांधायची. आजार आला म्हणून नव्हे. अकरा वर्षं बांधत होते. जुन्या मऊ लुगड्याचं, चार पदरी. गिरणीत पीठ उडतं, ते नाकातोंडात जातं. लोक पूर्वी मला हसायचे, ‘डाकू आली’ म्हणायचे. आता ती डाकूच सगळ्यांना तोंडं बांधायला लावत होती, तेव्हा काहींना ते झोंबायचं.

“बांधा, नाना,” मी पुन्हा म्हणाले. “टेलरकडे आहेत, एक घ्या.”

“वहिनी, फेब्रुवारीत नवी कवळी बसवली मी. साताऱ्याला चार खेपा घालून. महिनाभर कुणी बघितली न बघितली तोवर हे सुरू झालं. एवढे दात बसवले ते झाकून ठेवायला?”

पुन्हा हशा झाला. मीही हसले असेन, फडक्याच्या आत. पण डबा घेतला नाही. मग नाना जरा चिडले. चारचौघांत बाईमाणसानं दोनदा अडवलं होतं त्यांना.

“बापूरावांनी इतकी वर्षं गिरणी चालवली,” ते म्हणाले. “त्यांनी कधी बांधलं नाही ते फडकं.”

“म्हणूनच ते गेले,” मी म्हणाले.

 टेलरनं हनुवटीवरचा मास्क हळूच नाकावर ओढला. नानांनी डबा उचलला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

नानांची खोली माझ्या गिरणीच्या बरोबर समोर होती. मधला रस्ता बारा फुटांचा. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते आमच्या गल्लीत आले तेव्हा आमचे हे, बापूराव, होते. दोघांची वर्षभराची ओळख. नानांची बायको आधीच वारलेली, मुलगी लग्न होऊन बेळगावला. हे गेल्यावर सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा गिरणीचं बटण दाबलं, तेव्हा पहिलं दळण नानांचं होतं. दोन किलो शाळू. दर एक दिवसाआड दोन किलो शाळू. माझ्याकडे लोखंडी स्टूल होतं, त्यावर ते बसायचे, दळण होईतो एसटीतल्या गोष्टी सांगायचे आणि डबा घेऊन जायचे. भाजी-आमटी त्यांना खानावळीतून यायची. “भाकरी मात्र माझ्या हातची,” असं सांगायचे. “खानावळीची भाकरी म्हणजे चाकाची रिंग.”

एकटा माणूस, दोन किलो पीठ दोन दिवसांत कसं संपवतो, असा हिशेब मी कधी केला नाही. दळणाऱ्याला दळण आलं म्हणजे बास.

त्यानंतर नऊ दिवस नाना आले नाहीत.

समोर दारात बसलेले दिसायचे. पेपर पुढं धरून. पेपराची खालची कडा इतकी खाली की तोंड दिसू नये. मथुराबाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “नाना दळण कुठून आणतात गं हल्ली?”

“मला काय ठावं? जात असतील स्टँडजवळच्या गिरणीत.”

“तिथला दगड बोथट झालाय. पीठ तापतं. भाकरीला चिरा पडतात.”

“पडू देत की. भाकरी त्यांची. तुला काय त्याचं?”

मला काय त्याचं, ते मला सांगता येईना. स्टूल रिकामंच होतं, त्यावर मी पोतं टाकून ठेवलं.

दहाव्या दिवशी सकाळी, रांग लागायच्या आधी, नाना दारात उभे. हातात डबा. तोंडावर खाकी रंगाचं काहीतरी. मी जवळून पाहिलं. जाड खाकी कापड, त्याला झाकण शिवलेलं, झाकणाला पितळी बटण. दोन्ही बाजूंनी पायजम्याच्या नाड्या.

“हे काय, नाना?”

“युनिफॉर्मचा खिसा.” आवाज घोंगडीतून आल्यासारखा येत होता. “कापून स्वतः शिवला. तीस वर्षं ह्या खिशात तिकिटाचा पंच ठेवला, आता नाक ठेवलंय.”

“टेलरकडून घ्यायचा की.”

“त्याच्याकडून? परवा मला म्हणतो, मास्क घ्या नाना, पण त्यात काय अर्थ नाही बघा. तो स्वतःच्या मालाला असं म्हणतो, त्याचा माल काय घ्यायचा?”

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. स्टुलावरचं पोतं काढलं. नाना बसले. शाळू ओतला, चक्की सुरू केली आणि नेहमीप्रमाणे फडकं खाली ओढून, पीठ पडतं त्या कापडी नळीशी वाकून वास घेतला.

“वहिनी.”

“हं?”

“एक बोलू? रागावणार नसाल तर.”

“बोला.”

“जगाला तोंड बांधायला लावता आणि स्वतः दर दळणाला नाक उघडं टाकता. मी समोर बसून मोजलंय. काल सकाळी दहा ते बारा, चौदा वेळा.”

“तो धंदा आहे, नाना. वास घेतल्याशिवाय कसं कळणार? दगड तापलाय का, मागच्याचं हरभऱ्याचं पीठ आत राहिलंय का, सगळं नाकावर. फडक्यातून कळत नाही.”

“बरं,” नाना म्हणाले. “धंदा.”

ते पुढं काही बोलले नाहीत. मला बरं वाटावं म्हणून बोलले नाहीत हे आज कळतं. मी त्या दिवशी चहा ठेवला. गिरणीमागं माझ्या दोन खोल्या आहेत. चहा गिरणीच्या मागच्या दारात घेतला, ते चौकटीच्या अलीकडे, मी पलीकडे. चहा प्यायचा म्हणजे तोंडं उघडी करावीच लागली. खाकी खिसा नानांच्या गळ्यात लोंबत होता.

“दात छान बसलेत,” मी म्हणाले.

नाना बशीत पाहत राहिले. म्हणाले, “आठ महिने झाले बसवून. आज बोललात.”

त्या आठवड्यात असा चहा दोनदा झाला.

शनिवारी घटस्थापना होती. मथुराबाई नवरात्राचे नऊही दिवस कडक धरायची. साठ वर्षांत तिचा एकही उपास मोडलेला नव्हता. तिची उपासाची भाजणी, साबुदाणा, वरई, राजगिरा असं सगळं भाजलेलं, दर वर्षी घटस्थापनेला पहाटेचं पहिलं दळण म्हणून मी लावून द्यायची. त्याला गिरणी आधी साफ करावी लागते. झाडून, पुसून, मग मूठभर वरई दळून टाकून द्यायची. वास घ्यायचा. आदल्या दळणाचा वास असेल तर आणखी एक मूठ. वास जाईतो मुठी टाकायच्या. आदल्या संध्याकाळी मी थालीपिठाची भाजणी दळली होती. धणे, जिरे, उडीद, हरभरा, सगळं त्यात. अशा दळणानंतर चार-पाच मुठी तरी लागतात.

त्या पहाटे पहिल्याच मुठीला वास गेला. मला वाटलं, काल झाडलंच चांगलं होतं.

नऊच्या सुमाराला मथुराबाई आली ती पदरबिदर न धरता, तोंड लाल करून.

“सिंधे! काय दळलंस हे?”

“का? काय झालं?”

“धण्याजिऱ्याचा दर्प मारतोय नुसता. थालीपीठ तव्यावर टाकलं तवा शेजारणीनं इचारलं, आज उपास न्हाई का म्हणून. एक घास पोटात गेला माझ्या. साठ वर्षांत न्हाई झालं असं!”

“शक्य नाही. मी वास घेतला होता.”

“मग घे की आत्ता!”

तिनं डबा पुढं केला. मी फडकं खाली ओढलं, डब्यात नाक घातलं आणि वास घेतला.

काहीच नव्हतं. पीठ होतं, हाताला लागत होतं, पण वासाच्या जागी काही नव्हतं. मी आत गेले. हिंगाची डबी उघडली. काही नाही. रॉकेलची बाटली होती जुनी, तिचं बूच काढलं. काही नाही. अकरा वर्षं ज्या नाकावर धंदा केला ते नाक चेहऱ्यावर नुसतं बसलेलं होतं.

बाहेर येऊन मी म्हणाले, “मथुरे, रस्त्याच्या पलीकडे जा.”

“का गं?”

“मला वास येत नाही.”

तिला कळायला क्षणभर लागला. तोवर गावात एवढं सगळ्यांना माहीत झालं होतं. उपास मोडल्याचा राग तिच्या तोंडावरून पुसला गेला. ती पलीकडे गेली, नानांच्या भिंतीशी, आणि तिथून दबक्या आवाजात म्हणाली, “कुणाला सांगू नगंस. ऐक माझं. घरात पडून राहा आठ दिस. गिरणी बिघडली म्हणू. कळलं तर लोक वर्षभर दळण आणायचे न्हाईत तुझ्याकडं. पाटी लावून नाचली, आता कशी सापडली म्हणतील.”

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. अर्धा मिनिट पटलं होतं. लोक काय म्हणतील ते मला शब्दान् शब्द ऐकू येत होतं. मग समोरचं दार उघडलं. नाना बाहेर आले, खाकी खिसा तोंडाला, हातात डबा. त्यांचा दिवस होता.

नानांना दमा होता. थंडीत त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, तो मला रस्त्यापलीकडून ऐकू यायचा. आणि त्या माणसाला मी आठवड्यात दोनदा चहाला बसवलं होतं.

“तिथंच थांबा, नाना!” मी ओरडले. असं मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते.

मग पाटी खाली घेतली, पुसली आणि लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं.

‘गिरणीवालीला वास येत नाही. मी दर दळणाला फडकं खाली ओढत होते. सोमवारपासून दळण नेलेल्या सर्वांनी तपासून घ्यावं. गिरणी बंद.’

पाटी टांगली. रस्त्यापलीकडून नानांनी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली.

सरकारी दवाखान्यात नाकात काडी घातली, दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच निघालं. नगरपालिकेची माणसं येऊन दाराला पट्टी बांधून गेली. ताप दोन दिवस होता, अंग ठेचल्यासारखं दुखलं, पण श्वास नीट होता. मुलगा पुण्यात, तो फोनवर रडायचा, मीच त्याला समजवायची. मथुराबाईची तपासणी चांगली निघाली. ती रोज पायरीवर डबा ठेवून जायची आणि लांबून सांगायची, “मोडलेला उपास मी देवीला सांगितला. म्हटलं, सिंधीचं नाकच बंद होतं, तिला बोल लावू नगंस.”

पाटी वाचून लोक बोललेच. टेलर गिरणीच्या खिडकीखालून जाताना कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, “बघा, एवढं तोंड बांधून हिलाच झाला. म्हणजे फडक्याचा उपयोग काय?”

मी खिडकीशी गेले. “फडकं बांधल्यानं नाही झाला रे,” मी म्हणाले. “ओढल्यानं झाला. वाचता येतं ना?”

तो गेला. पण त्याच्या घरात दोघांना निघाला, तेव्हा तपासायला मात्र ते पाटीमुळंच गेले होते. दोघंही बरे झाले.

मला काळजी होती ती समोरच्या दाराची. नाना तपासून आले होते, पण निकाल यायचा होता, आणि दार बंद होतं. दिवसभर बंद. खानावळीचा डबा पायरीवर दुपारपर्यंत तसाच. मी खिडकीत खुर्ची टाकून बसायची आणि कान देऊन ऐकायची, तो शिट्टीचा आवाज येतोय का. ऐकू आला तर भीती वाटायची. न आला तर जास्त.

ह्यांच्या शेवटच्या वर्षी, पिठानं छाती भरली तेव्हा, मी अशीच बसायची. लुगड्याचं मऊ फडकं मी ह्यांच्यासाठी शिवलं होतं. “चोर वाटेन मी त्यात,” म्हणून त्यांनी कधी बांधलं नाही. ते गेल्यावर तेच मी बांधायला लागले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नानांना त्या दिवशी दारात म्हणाले ते वाक्य अकरा वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी समोरचं दार उघडलं. नाना पायरीवर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि बस सुटताना ओरडतात तसे ओरडले, “वहिनीऽ! निगेटिव्ह!”

गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या.

“हळू, नाना,” मी खिडकीतून म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. ते बारा फुटांवरून दिसले नसावेत. “आणि तरी चौदा दिवस घरातच बसायचं. तुम्ही चहाला होता.”

“बसतो. दारात बसलं तर चालंल का?”

“दारात चालेल.”

“तुम्हाला वास आला का?”

“नाही.”

“कसं कळणार पण? घरात बसून वास घेणार कशाचा? थांबा.”

ते आत गेले. दोन मिनिटांनी आले, हातात पेपराची पुडी, दोऱ्यानं बांधलेली, आत एक खडा वजनाला. त्यांनी हात मागं नेला आणि पुडी रस्त्यावरून अलगद माझ्या खिडकीखालच्या ओट्यावर येऊन पडली.

“हुंगा आणि सांगा.”

मी उघडली. पांढरी वडी होती. हुंगली. “काही नाही.”

“कापूर होता. उद्या पुन्हा.”

मग रोज दहा वाजता पुडी यायची. कधी तपकीर, ती हुंगून मला बावीस शिंका आल्या, पण वास नाही. कधी संत्र्याची साल. कधी कपाटातली डांबरगोळी. एकदा उदबत्तीचे तुकडे. एकदा एक पुडी नेम चुकून गवळ्याच्या सुनेच्या पाठीत बसली. ती ओरडली, “म्हातारपणी दगड मारता व्हय वं?” नाना म्हणाले, “दगड नाही, लवंग आहे. उचलून तिथं टाक.” तिनं मास्क न काढता सगळं भांडण केलं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

रोज मी सांगायची, “काही नाही.” रोज ते म्हणायचे, “उद्या पुन्हा.” मला आतून धास्ती वाटायला लागली होती. वास आला नाही तर गिरणी कशी चालवायची? गहू कोणता खपली, कोणता बन्सी, ते मी डोळे मिटून सांगायची. नाक गेलेल्या गिरणीवालीकडे कुणी काय म्हणून यावं? हे मी बोलले नाही, तरी नानांनी ओळखलं असावं. नाना म्हणाले, “आमच्या डेपोत एका ड्रायव्हरच्या कानाला ऐकू येत नव्हतं. सात वर्षं त्याला कुणी ओळखलं नाही.”

“हे सांगून धीर देताय का?”

“सुचलं ते सांगितलं.”

बाराव्या दिवशी पुडी आली ती मोठी होती आणि मऊ. उघडली तर पीठ. नाकाशी नेली आणि हात तिथंच थांबला.

आला. लांबून, दाराआडून यावा तसा. पण आला. खवट, कडसर, जुन्या शाळूच्या पिठाचा. माझ्या आयुष्यात मी इतका वाईट वास इतक्या आनंदानं कधी घेतला नसेल. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा.

“नाना! खवट आहे!”

“आला?” नाना पायरीवरून उठले. “आला वास?”

“आला! पण हे खवट पीठ कुठलं?” आणि बोलता बोलता सवयीनं मी चिमूट घेऊन अंगठ्यावर घासली. जाडसर लागली. माझ्या दगडाला श्रावणात टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं नव्या खाचा पाडून घेतल्या होत्या. नव्यानं टाकी लावली की पहिले काही दिवस पीठ असंच येतं, जरा जाड. ते माझंच दळण होतं.

“हे श्रावणातलं आहे,” मी म्हणाले.

नानांनी खाकी खिशाचं बटण चाचपलं.

“स्टँडच्या गिरणीतलं नाही. माझं आहे. तीन महिन्यांचं. नाना, तुम्ही तर भाकरी करता ना रोज?”

“घरात वासाचं दुसरं काही उरलं नव्हतं, वहिनी,” ते म्हणाले. “दाढीच्या साबणापर्यंत सगळं धाडून झालं. म्हणून ते धाडलं. एवढं ओळखू येईल असं वाटलं नव्हतं.”

“भाकरी करता का नाही?”

“खानावळीची येते.”

“ती रिंग?”

“चांगली असते ती. मी उगाच बदनाम करायचो.”

दुपारची वेळ नव्हती, पण रस्त्यावर त्या क्षणी कुणी नव्हतं. मी खिडकीचे गज धरून उभी होते. अकरा वर्षं. एक दिवसाआड. दोन किलो. जो हिशेब कधी केला नाही तो आपोआप होत होता, आणि आकडा मोठा होत चालला तसं मला कुठं पाहावं कळेना.

“मग एवढं पीठ गेलं कुठं?”

“गवळ्याच्या म्हशीला. वाया नाही घालवलं, वहिनी, देवाशपथ. ह्या लॉकडाऊनमध्ये गवळी म्हशी घेऊन गावाकडं गेला तेव्हा साठलं तेवढंच.”

“त्या म्हशीला?”

“तिला आवडायचं. तुमच्या दगडाचं पीठ आहे, तापत नाही, म्हणायची.”

मी हसायला लागले, आणि हसता हसता खिडकीतून बाजूला झाले, कारण हसणं वेगळीकडे चाललं होतं. बारा फुटांचा रस्ता. तो ओलांडायला त्या माणसाला दर खेपेला दोन किलो शाळू लागत होता. त्या नऊ दिवसांत तो कुठल्याच गिरणीत गेला नव्हता, कारण त्याला पिठाची गरजच नव्हती.

पुन्हा खिडकीत आले तेव्हा नाना तसेच उभे होते, खाकी खिसा तोंडावर, बटण लावलेलं. एवढे दात आणि मला डोळेच दिसत होते. पण डोळे पुरेसे होते.

“नाना,” मी म्हणाले, “पट्टी निघाली की या. शाळू आणायचा नाही. अन्न आहे ते.”

“रिकाम्या हातानं कसं यायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते गेले पंधरा दिवस ऐकतेच आहे मी. काही होत नाही.”

ते विचारात पडले. मग म्हणाले, “डबा तरी आणतो.”

दिवाळीच्या आधी गिरणी सुरू झाली. पहिल्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक गोलात डबा होता, आणि ह्या वेळी डब्यामागं माणूस होता. पाटी पुसून मी पुन्हा पहिलंच वाक्य लिहिलं. नाकाला वास येऊ लागला तरी फडकं खाली ओढणं बंद केलं. चिमटीवर ओळखायला शिकले, तेही जमतं. मथुराबाईचं उपासाचं दळण आता पाच मुठी टाकल्याशिवाय लावत नाही, वास येवो न येवो.

नाना शेवटी आले. स्टीलचा तोच डबा, झाकण घट्ट लावलेलं. मी घेतला. हलका होता. टेलर बघत होता, म्हणून मी तो नीट तोलून पाहिल्यासारखं केलं.

“नाना, आज गर्दी आहे,” मी म्हणाले. “बसावं लागेल.”

“बसतो की,” नाना म्हणाले आणि स्टूल ओढून घेतलं.

पुढची चार वर्षं, ते बेळगावला मुलीकडे गेले आणि तिथून परत आले नाहीत तोवर, त्या डब्याचा नंबर मी रोज सगळ्यांच्या शेवटी लावत असे.